शीर म्हणजे नेमकं काय? बेळगावकडच्या मालिशवाल्यांसाठी हाडं, स्नायू आणि हालचाल शिकण्याची वाट

तालमीत मालिश शिकलो तेव्हा माझ्याजवळ शब्द एकच होता: शीर. पोटरीत गोळा आला की शीर चढली, मान वळेना की शीर आखडली, कंबरेतून पायात कळ गेली की शीर दबली. एकदा जोडीदाराच्या पायाला तेल लावताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, टणक गोटी हाताला लागली. गाठ असणार म्हणून मी तिच्या खालच्या अंगाला कोपर रोवलं आणि जोरात रगडलं. त्याच्या पावलाची वरची बाजू दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बधिर होती. वस्ताद म्हणाले, "शिरेवर हात पडला तुझा." कुठल्या शिरेवर, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ती गोटी म्हणजे फिब्युला या नडगीशेजारच्या बारीक हाडाचं डोकं. त्याच्या मानेला वळसा घालून एक मज्जातंतू पुढं पावलाकडं जातो आणि तिथं तो जवळजवळ कातड्याखालीच असतो. हे मला बऱ्याच वर्षांनी, फिजिओथेरपी शिकणाऱ्या एका मुलीच्या वहीतून कळलं. तोवर माझ्या हाताला ते ठिकाण लागत होतं, फक्त ते काय आहे हे सांगणारा शब्द माझ्याजवळ नव्हता.

हा लेख अशाच हातांसाठी आहे. तालमीत, सलूनमध्ये, पंचकर्माच्या केंद्रात किंवा घरोघरी जाऊन मालिश करणाऱ्यांसाठी.

आधी एका शब्दाचे चार शब्द करा

आपण मराठीत शीर म्हणतो, कानडी गिऱ्हाईक 'नरा' म्हणतं. दोन्ही शब्दांत रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि स्नायूची दोरी हे सगळं एकाच पोत्यात भरलेलं आहे. पहिलं काम ते पोतं रिकामं करण्याचं. त्याला पुस्तक लागत नाही, स्वतःचं कोपर पुरतं.

टेबलापाशी बसा. डाव्या हाताचा तळवा टेबलाच्या खालच्या बाजूला लावून वर दाबा. आता उजव्या हाताची बोटं कोपराच्या खळग्यात ठेवा. ताठ दोरी लागेल. ती बायसेप्सची कंडरा. दाबणं सोडलं की दोरी सैल पडते, पुन्हा दाबलं की ताठते. कंडरा ओळखायची खूण हीच. हात सैल सोडून त्याच दोरीच्या आतल्या अंगाला, म्हणजे शरीराकडच्या बाजूला, दोन बोटं हलकी टेकवा. ठोका लागतो. ती धमनी, रक्तदाब मोजताना डॉक्टर स्टेथोस्कोप तिथंच ठेवतात. कातड्यावरून निळसर दिसतात त्या नीला, दाबलं की चपट्या होणाऱ्या. शेवटी कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यामागं, टोकाच्या हाडाच्या अलीकडं जी खाच आहे तिथं बोट अगदी हळू आडवं फिरवा. बारीक तंतू बोटाखालून सरकतो आणि करंगळीत मुंग्या येतात. कोपर आपटल्यावर झटका बसतो तो याच मज्जातंतूमुळं.

कंडरा, धमनी, नीला, मज्जातंतू. आठवडाभर दररोज पाच मिनिटं हेच करा, मग घरातल्या चार जणांच्या कोपरावर करा. कंडरेवर काम करायचं असतं. उरलेल्या तिघांवर जोर लावायचा नसतो.

इथं एक घोटाळा आधीच सांगून ठेवतो. पंचकर्माकडून आलेल्यांनी सुश्रुताचं नाव ऐकलेलं असतं. त्याच्या संहितेत 300 हाडं, 500 पेशी, 900 स्नायू, 700 सिरा आणि 107 मर्मं मोजली आहेत. चरकानं हाडं 360 सांगितली. आजच्या गणतीत प्रौढ माणसाची हाडं 206. आकडे जुळत नाहीत म्हणून भांडू नका, मोजण्याची रीत वेगळी आहे. पण शब्दाकडं लक्ष ठेवा: आज आपण ज्याला स्नायू म्हणतो ती सुश्रुताची पेशी, आणि त्याचा स्नायू म्हणजे साधारणपणे बांधून ठेवणारे पट्टे आणि दोऱ्या. दोन्ही प्रकारची पुस्तकं एकदम वाचलीत तर डोकं फिरेल. एक भाषा पक्की करा, मग दुसरीकडं वळा.

हाडं: दोन महिने फक्त बोटांनी

बहुतेक लोक स्नायूंपासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात. स्नायू मऊ असतो, जाड माणसात तो हरवतो. हाड जागा सोडत नाही. आपलं निम्मं काम पाठीवर असतं, म्हणून पाठीपासून सुरू करा.

मान पुढं झुकवली की मानेच्या मुळाशी सगळ्यात वर आलेला मणका बहुधा सातवा असतो. खात्री करायची तर त्यावर एक आणि वरच्या मणक्यावर एक बोट ठेवून समोरच्याला मान मागं टाकायला सांगा. सहावा बोटाखालून आत निसटतो, सातवा तिथंच राहतो. तिथून खाली छातीच्या मागचे 12 आणि कंबरेचे 5 मणके. सगळे मोजत बसायची गरज नाही, खुणा धरा: हात बाजूला सैल असताना फऱ्याचं, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाचं, खालचं टोक साधारण छातीच्या सातव्या मणक्याच्या पातळीवर येतं. कंबरेवर हात ठेवून उभं राहिल्यावर हाताखाली येणारी हाडाची कड कंबरेच्या चौथ्या मणक्यापाशी. माकडहाडाच्या वर, दोन बाजूंना दिसणाऱ्या खळ्या सॅक्रमच्या, म्हणजे कंबरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या, दुसऱ्या भागाच्या पातळीवर.

काजळाची पेन्सिल घ्या आणि भावाच्या नाहीतर मित्राच्या पाठीवर फरा काढा: वरचा आतला कोपरा, खालचं टोक, मधली आडवी कड, खांद्याचं टोक. मग त्याला पालथं निजवून हात टेबलाखाली लोंबत सोडायला सांगा. तुमची रेघ कातड्यावर जागच्या जागी राहील आणि फरा तिच्याखालून बाहेर सरकलेला सापडेल. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चाट पडलो. आपण 'फऱ्याच्या कडेनं' म्हणून ज्या रेषेत अंगठा फिरवतो ती रेषा गिऱ्हाइकानं हात कुठं ठेवलाय त्यावर बदलते.

हाताच्या पंजातली 27 आणि पावलातली 26 हाडं नावानिशी पाठ करण्यात पहिले महिने घालवू नका. घोट्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे, टाच आणि अंगठ्याचं मूळ एवढं सध्या बास.

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात

शवविच्छेदन पाहायला मिळणं आपल्यासारख्यांना सोपं नाही. बेळगावात जेएनएमसी आणि बिम्स ही वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, शहापुरात आयुर्वेद महाविद्यालय आहे, पण ती दारं विद्यार्थ्यांसाठी. खाटकाचं दार मात्र सगळ्यांना उघडं. गर्दी ओसरल्यावर जा, ओळखीचा असेल तर तो दाखवतो.

बोकड टांगलेला असतो तो मागच्या पायाच्या कोणत्या दोरीत आकडा अडकवून, ते बघा. तीच आपल्या टाचेमागची जाड कंडरा. अख्ख्या धडाचं वजन ती पेलते. मग पुढचा पाय धडापासून सुटताना बघा: सुरी हाडाला लागतच नाही, नुसतं मांस कापलं की पाय फऱ्यासकट हातात येतो. बोकडाला गळपट्टीचं हाड नसतं. माणसाला असतं आणि आपला सगळा हात, फऱ्यासकट, सांगाड्याला तेवढ्या एका हाडानं जोडलेला आहे. बाकी सगळं स्नायूंवर लटकलेलं. खांद्याचे इतके गिऱ्हाईक का येतात त्याचं निम्मं उत्तर इथं आहे.

फरा सोलून घ्या. मधल्या उंच कडेच्या वर एक स्नायू, खाली एक. वरचा सुप्रास्पायनेटस, खालचा इन्फ्रास्पायनेटस; आपल्याकडंही ते तसेच बसलेले आहेत. मांसावरची पांढरट पातळ झिल्ली, जी घरी साफ करताना आई ओढून काढते, ती फॅशिया. हाडाच्या टोकावरची गुळगुळीत, निळसर चमक म्हणजे कूर्चा. दोन हाडांना जोडणारा चिवट पट्टा म्हणजे अस्थिबंध. कंडरा स्नायूला हाडाशी बांधते, अस्थिबंध हाडाला हाडाशी. घोटा मुरगळतो तेव्हा बहुधा ताणला जातो तो अस्थिबंध, आणि सुजलेल्या ताज्या मुरगळीवर 'शीर बसवायला' म्हणून जोर लावणं म्हणजे फाटलेलं आणखी ओढणं.

स्नायू: सहाशेंपैकी तीस

शरीरात हाडांना हलवणारे स्नायू सहाशेंहून जास्त. रोजच्या कामाला तीसेक लागतात. मानेचे तीन-चार, फऱ्याभोवतीचे, खांद्याला धरून ठेवणारे चार, दंडाचे दोन, हाताच्या नळीचे दोन गट, कण्याच्या दोन्ही बाजूंचे, कंबरेचा चौकोनी, नितंबाचे तीन, मांडीचे पुढचे-मागचे-आतले, पोटरीचे दोन.

इंग्रजी-लॅटिन नावांना घाबरू नका, ती बहुतेक वर्णनंच आहेत. लिव्हेटर स्कॅप्युली म्हणजे फरा उचलणारा. लॅटिसिमस डॉर्साय म्हणजे पाठीचा सगळ्यात रुंद. गॅस्ट्रोक्निमियस म्हणजे पायाचं पोट, आणि आपल्या पोटरीतही पोट ऐकू येतंच की. गंमत बघा: 'मसल' हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या उंदरावरून आला, मराठीत दंडावर बेटकुळी येते आणि कानडीत पोटरीला मीनखंड, माशाचा तुकडा म्हणतात. कातड्याखाली काहीतरी जिवंत सरकतंय हे सगळ्यांनाच जाणवलेलं आहे.

प्रत्येक स्नायूला पाच प्रश्न विचारा. कुठून निघतो, कुठं चिकटतो, किती सांधे ओलांडतो, आकसला की काय हलतं, आणि त्याच्या उलट काम कोण करतं? आठवड्याला दोनच स्नायू. जास्त घेतलेत की सगळे विसराल.

पोटरी घेऊन दाखवतो. वरचा फुगीर गॅस्ट्रोक्निमियस मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून, म्हणजे गुडघ्याच्या वरून निघतो. त्याच्याखालचा चपटा सोलियस गुडघ्याच्या खालून. दोघंही टाचेमागच्या त्याच कंडरेत मिसळतात. म्हणजे पहिला दोन सांधे ओलांडतो, गुडघा आणि घोटा. दुसरा घोटाच. आता ही माहिती हाताला कशी उपयोगी? पालथ्या माणसाचा गुडघा वाकवून पाय हातात घेतलात की गॅस्ट्रोक्निमियस सैल पडतो आणि बोटं सोलियसपर्यंत जातात. पाय सरळ ठेवून कितीही रगडलंत तरी वरचाच स्नायू मध्ये येत राहणार.

ताणून बघायचं तेही असंच. भिंतीला हात लावून मागचा गुडघा सरळ ठेवला तर वरचा जास्त ताणतो, वाकवला तर खालचा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळं भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर धावताना सगळ्यांनी पाहिलीत. 1600 मीटरच्या शर्यतीसाठी महिनोन् महिने डांबरावर पळणारा पोरगा पोटरी धरून आला की आधी या दोन्ही स्थितीत उभा करा. कुठं ओढ लागते ते तोच सांगतो. आणि दुखणं पोटरीत नसून नडगीच्या हाडावर एका बोटाएवढ्या जागी असेल तर चोळू नका. हाडाला बारीक चीर असू शकते, त्याला हाडाच्या डॉक्टरकडं पाठवा.

हालचाल: इथल्या कामांवरून शिका

किनेसिऑलॉजी म्हणजे हालचालीचं शास्त्र. पुस्तकात ते प्रतलं, अक्ष आणि तरफांपासून सुरू होतं. ते वाचा, पण मला ते समजलं ते इथल्या कष्टांकडं बघून.

सगळ्यात आधी एक गोष्ट: स्नायू फक्त आकसूनच काम करत नाही. कळशी उचलताना बेटकुळी आखूड होत काम करते, कळशी सावकाश खाली ठेवताना लांब होत, ब्रेक धरल्यासारखी, आणि कळशी धरून उभं राहिलात तर लांबी न बदलता. कवायतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते बहुतांशी मधल्या, ब्रेक धरण्याच्या कामामुळं. 'लॅक्टिक ॲसिड साठलंय, ते मालिशनं काढतो' हे गिऱ्हाइकाला सांगणं सोडून द्या. ते तर तासा-दीड तासात आपोआप निघून गेलेलं असतं.

चिकोडी, अथणी, हुक्केरीकडं ऊसतोडीच्या हंगामात कोयता घेऊन दिवसभर वाकणारी माणसं येतात आणि म्हणतात, कंबर धरलीय. स्वतः उभं राहून कंबरेच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवा आणि हळूहळू पुढं वाका. सुरुवातीला अंगठ्याखालचे स्नायू टणक होतात, धड खाली सोडताना ब्रेक धरतात. पूर्ण वाकल्यावर ते अचानक मऊ पडतात. त्या स्थितीत भार मुख्यतः अस्थिबंधांवर आणि मागच्या ताणलेल्या पडद्यांवर जातो. उठताना पुन्हा टणक. कंबरदुखी असलेल्या बऱ्याच जणांत तळाशीही स्नायू मऊ पडत नाहीत, ते पहारा सोडायला तयार नसतात.

म्हणून तोडकऱ्याची कंबर हाती आली की मी थेट तिथं जोर लावत नाही. दिवसभर ताणली गेलेली ती पाठ आणखी दाबून ताणण्यापेक्षा नितंब आणि मांडीच्या मागच्या स्नायूंवर जास्त वेळ देतो, कारण वाकल्यावर वर यायचं मुख्य काम त्यांचं. मांडीमागचे तिघं बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जातात. ते आखूड असले की खुबा पुरता वाकत नाही आणि उरलेलं वाकणं कंबर भरून काढते. हा माझा अनुभव, नियम म्हणून घेऊ नका.

निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन् तास बसतात. मान झुकली की डोक्याचं साडेचार-पाच किलो वजन पुढं लोंबतं आणि मागच्या स्नायूंना ते सतत धरून ठेवावं लागतं. इथं लिव्हेटर स्कॅप्युली आठवा: मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत. बोट बरोबर त्या कोपऱ्यावर ठेवलंत की "हां, हितंच बघ" असं त्या म्हणतातच. तेवढ्यावर थांबू नका, छातीचे पुढचे स्नायूही बघा. खांदे पुढं ओढून धरणारे ते असतात. पुरुष मालिशवाल्यानं हे काम सोबतीच्या बाईकडं द्यावं, हे सांगायला नकोच.

वडगाव-शहापूरच्या विणकरांकडून खांदा शिका. हात डोक्यावर जातो तेव्हा 180 अंशांपैकी सुमारे 120 खांद्याच्या सांध्यातून येतात आणि 60 फरा फिरल्यामुळं. गिऱ्हाइकाच्या फऱ्याच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवा, हात बाजूनं वर करायला सांगा, दोन्ही बाजू तुलना करा. धोट्याची दोरी वर्षानुवर्षं एकाच हातानं ओढणाऱ्याच्या त्या बाजूचा फरा लवकर उचलला जातो, खांदा कानाकडं चढतो, हे डोळ्यांना दिसेल.

मग तीन परीक्षा, याच क्रमानं. आधी त्यानं स्वतः हात हलवावा. मग त्यानं सैल सोडावा आणि तुम्ही हलवावा. शेवटी त्यानं जोर लावावा आणि तुम्ही अडवावं, हात न हलता. अडवल्यावर दुखतं पण तुम्ही हलवताना मोकळा जातो, तर संशय स्नायू-कंडरेवर. तुम्ही हलवतानाही अडतो, विशेषतः कोपर कुशीला लावून हात बाहेर वळवताना, तर सांध्याचं वेष्टणच आखडलं असावं. मधुमेह असलेल्यांत हे जास्त दिसतं. असा खांदा झटका देऊन 'मोकळा' करायचा नसतो, फिजिओथेरपिस्टकडं पाठवायचा.

जिथं हात थांबवायचा

गळ्याची पुढची बाजू, काख, कोपराचा खळगा, जांघ, गुडघ्याचा मागचा खळगा: इथून मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू उथळ जातात, जोर नको. शेवटच्या बरगडीखाली पाठीकडून ठोकू नका, तिथं मूत्रपिंड आहे.

एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर आणि दुखरी असेल, त्यातून माणूस लांबच्या प्रवासाहून किंवा ऑपरेशननंतर पडून राहून आला असेल, तर तेलाची बाटली उघडूसुद्धा नका. नीलेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. कंबरदुखीबरोबर जांघेच्या आतल्या भागाला बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, पाय लुळा पडत जाणं: त्याच दिवशी दवाखाना. ताप असलेली पाठदुखी, पडल्यानंतरची पाठदुखी, कारण नसताना उतरलेलं वजन, रात्री झोपू न देणारं दुखणं, रक्त पातळ करणारी गोळी हे सगळं मालिशच्या आधी विचारा. डाव्या खांद्यात कळ आणि सोबत घाम, छातीत दडपण असेल तर रिक्षा बोलवा.

मराठी, कानडी आणि वही

आपल्याकडं निम्मी गिऱ्हाईकं कानडीत बोलतात आणि दुखणं माणूस आपल्याच भाषेत नीट सांगतो. बेन्नु पाठ, टोंक किंवा सोंट कंबर, कुत्तिगे मान, मोणकालु गुडघा, हिम्मडी टाच. दुखण्याला पुस्तकात नोवु, आपल्या भागात ब्यानी. सगळ्यात महत्त्वाचा शब्द जोमु, म्हणजे मुंग्या येऊन बधिर होणं. कुणी 'नरा हिडदद', म्हणजे शीर धरलीय, म्हटलं की मी आधी विचारतो, जोमु आहे का? असेल तर मज्जातंतूचा विचार करायचा आणि दाब कमी. नसेल तर स्नायू तपासायला घ्यायचा.

पुस्तकाचं म्हणाल तर वैद्यकीय आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाची जुनी पुस्तकं विद्यार्थी वर्ष संपलं की विकतात. त्यातल्या शरीररचनेच्या पुस्तकाचे हात-छाती आणि पाय-पोट हे दोन खंड घ्या, मेंदूचा खंड सोडा. चित्रं बघा, मजकूर नंतर.

आणि शंभर पानी वही. डाव्या पानावर गिऱ्हाइकाचं नाव न लिहिता काम लिहायचं: विणकर, पन्नाशी, उजवा खांदा. खाली काय हलतं, काय अडतं, कुठल्या अंशापर्यंत. उजव्या पानावर कुठल्या स्नायूचा संशय आला, काय केलं, आणि पुढच्या वेळी तो आला तेव्हा हात किती वर गेला. माझ्या पहिल्या वहीत उजव्या पानावर अठरा ठिकाणी 'शीर' लिहिलंय. हल्ली निवांत वेळी ती काढून बसतो आणि एकेक खोडून त्या जागी काय असावं ते लिहितो. सहा अजून तशाच आहेत.